शेतकरी सन्मान निधीचा हप्ता: गावोगावहून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

केंद्राचा पीएम किसान सन्मान निधी आणि राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी यांचे हप्ते जमा होण्याच्या आठवड्यात आमच्याकडे जे प्रश्न येतात, ते दरवेळी जवळजवळ तेच असतात. म्हणून ते साध्यापासून अवघडापर्यंत एका ठिकाणी लावले आहेत. आजवरचा आमचा अनुभव असा की सातबारा, आधार, बँक खाते आणि योजनेची नोंदणी या चार नोंदींपैकी एखादी बाकीच्या तिन्हींशी जुळली नाही की पात्र शेतकऱ्याचाही हप्ता अडतो. नेमकी कोणती नोंद जुळत नाही हे कळले की निम्मे काम होते. ते न शोधता नवा अर्ज भरणे किंवा मध्यस्थाच्या हाती पैसे देणे यातून मात्र काम हमखास लांबते.

१. पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन वेगळ्या योजना आहेत का? वर्षाला एकूण किती रुपये मिळतात?

होय, दोन्ही वेगळ्या आहेत आणि दोन्हींचे पैसेही वेगवेगळ्या तिजोरीतून येतात. पीएम किसान ही केंद्र सरकारची योजना असून ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली आणि २४ फेब्रुवारी २०१९ रोजी तिची औपचारिक सुरुवात झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. नमो शेतकरी महासन्मान निधी ही महाराष्ट्र शासनाची योजना २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथून वितरित झाला. तिचेही तीन हप्त्यांत ६,००० रुपये, म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये होतात. नमो योजनेसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही (प्रश्न १३ पाहा).

२. हप्ता नक्की कोणत्या महिन्यात येतो?

पीएम किसानचे वर्ष एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च अशा तीन टप्प्यांत विभागलेले आहे आणि प्रत्येक टप्प्याचा एक हप्ता असतो. टप्प्यातला नेमका दिवस केंद्र सरकार ठरवते. सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळहून आणि अठरावा ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमहून वितरित झाला. एप्रिल ते जुलै २०२५ या टप्प्याचा विसावा हप्ता प्रत्यक्षात २ ऑगस्ट २०२५ रोजी आला, म्हणजे तारीख पुढे गेली तरी हप्ता बुडत नाही. राज्याचा हप्ता बहुधा केंद्राच्या हप्त्यानंतर येतो, त्यामुळे दोन्ही रकमा एकाच दिवशी दिसाव्यात अशी अपेक्षा ठेवू नये.

३. माझे शेत फक्त दहा गुंठे आहे. मला लाभ मिळेल का? आणि वीस एकरवाल्याला जास्त मिळतात का?

लागवडीयोग्य जमीन आपल्या नावावर असेल आणि आपण अपात्रतेच्या यादीत (प्रश्न ५) बसत नसाल, तर दहा गुंठ्यांनाही लाभ मिळतो. सुरुवातीला ही योजना दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांपुरती होती. ही मर्यादा १ जून २०१९ पासून काढून टाकण्यात आली. रक्कम क्षेत्रावर ठरत नसल्यामुळे दहा गुंठेवाल्याला आणि वीस एकरवाल्याला सारखेच मिळतात. जमीन अकृषिक झाली असेल, तर त्या जमिनीच्या आधारे लाभ मिळत नाही, मग सातबाऱ्यावर नाव असो वा नसो.

४. घरात तिघांच्या नावावर शेत आहे. तिघांनाही मिळेल का?

ते तिघे एकमेकांचे कोण लागतात, यावर ते ठरते. योजनेत 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ आपल्या बोलण्यातल्या कुटुंबापेक्षा फार लहान आहे. पती, पत्नी आणि त्यांची अठरा वर्षांखालील मुले एवढेच एक कुटुंब धरले जाते आणि अशा एका कुटुंबाला एकच लाभ मिळतो. नवरा-बायको दोघांच्याही नावावर स्वतंत्र गट असले, तरी दोघांपैकी एकानेच लाभ घ्यायचा असतो. याउलट सज्ञान मुलगा त्याच वाड्यात राहत असला, एकाच चुलीवर जेवत असला आणि शिधापत्रिका एकच असली, तरी त्याच्या नावावर पात्र जमीन असेल तर तो योजनेच्या दृष्टीने वेगळे कुटुंब ठरतो. ही व्याख्या नीट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे तिच्यावरच उभी आहेत.

५. कोणाकोणाला हा लाभ मिळत नाही?

संस्थेच्या नावावरील जमिनीला लाभ नाही. त्याखेरीज, प्रश्न ४ मधील व्याख्येनुसार कुटुंबातली एकही व्यक्ती पुढीलपैकी कशात बसत असेल, तर संपूर्ण कुटुंब अपात्र ठरते: घटनात्मक पदावरील आजी-माजी व्यक्ती, आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर आणि जिल्हा परिषद अध्यक्ष, केंद्र किंवा राज्य शासन, सार्वजनिक उपक्रम आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचे नियमित सेवेतील किंवा निवृत्त अधिकारी व कर्मचारी, दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेले, तसेच नोंदणीकृत व्यवसाय करणारे डॉक्टर, अभियंते, वकील, सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद. अनिवासी भारतीयांनाही लाभ नाही.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांना नोकरीच्या आणि निवृत्तिवेतनाच्या अटीतून वगळले आहे, त्यामुळे केवळ शिपाई म्हणून नोकरी केली या कारणाने कोणी अपात्र होत नाही. तसेच सरपंच, ग्रामपंचायत सदस्य किंवा पंचायत समिती सदस्य ही पदे या यादीत नाहीत. सरपंच झालो म्हणून लाभ सोडलेल्या एका गृहस्थांना ही गोष्ट आम्ही फार उशिरा सांगू शकलो, याची आम्हाला आजही खंत वाटते.

६. नवीन नोंदणी कशी करायची? कोणती कागदपत्रे लागतात?

पीएम किसानच्या अधिकृत संकेतस्थळावर 'नवीन शेतकरी नोंदणी' या ठिकाणी स्वतः अर्ज भरता येतो किंवा गावातील सामाईक सुविधा केंद्रातून भरून घेता येतो. आधार कार्ड, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक, चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातील एकूण जमिनीचा उतारा), शेतकरी ओळख क्रमांक (प्रश्न २३) आणि आपले नाव जमिनीला कधी व कसे लागले हे दाखवणारा फेरफार जवळ ठेवावा. यात फेरफार सर्वांत महत्त्वाचा आहे. योजनेसाठी जमीनधारणेची ठरावीक तारीख १ फेब्रुवारी २०१९ आहे. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी जमीन आपल्या नावावर होती हे सातबाऱ्यावरून नेहमी कळत नाही, ते फेरफारावरील तारखेवरून कळते. या तारखेनंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. वारसाने आलेली जमीन हा अपवाद आहे (प्रश्न १४).

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो आणि तो शासकीय कामासाठी चालतो. अर्ज भरल्यावर तो तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्यांनी मंजूर होतो, त्यामुळे नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे मंजुरी मिळाली, असे समजू नये.

७. नोंदणी झाली, पण हप्ता आला नाही. कुठे पाहायचे?

प्रथम अधिकृत संकेतस्थळावर 'लाभार्थी स्थिती' पाहावी. त्यासाठी नोंदणी क्रमांक लागतो. महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांकांची सुरुवात एम आणि एच या इंग्रजी अक्षरांनी होते. तो हरवला असेल, तर मोबाइल किंवा आधार क्रमांक टाकून तिथेच शोधता येतो. पान उघडल्यावर तीन ओळी आधी वाचाव्यात: लँड सीडिंग (योजनेच्या नोंदीला जमिनीचा तपशील जोडणे), ई-केवायसी (आधारवरून ओळखीची ऑनलाइन खात्री) आणि आधार-बँक सीडिंग (हप्त्यासाठी आधारला बँक जोडणे). प्रत्येकीसमोर 'होय' किंवा 'नाही' असे लिहिलेले असते. ई-केवायसीसमोर 'नाही' असेल तर प्रश्न ८, आधार-बँक सीडिंगसमोर असेल तर प्रश्न ९ आणि लँड सीडिंगसमोर असेल तर प्रश्न १० पाहावा. तिन्ही ठिकाणी 'होय' असूनही पैसे नसतील, तर प्रश्न ११ पाहावा.

कृपया या पानाची छापील प्रत घेतल्याशिवाय तालुक्याच्या कार्यालयात जाऊ नका. 'माझे पैसे का आले नाहीत' असे विचारणाऱ्याला पुढच्या सोमवारी यायला सांगितले जाते, पण 'माझे लँड सीडिंग नाही दाखवत आहे, हा सातबारा आणि हा फेरफार' असे म्हणणाऱ्याचे काम बहुतेक वेळा त्याच टेबलावर सुरू होते. चार एकरांची तूर तशीच टाकून, तीस किलोमीटरची एसटी पकडून माणूस येतो. त्याचा दिवस वाया जाऊ नये एवढीच आमची कळकळ आहे.

८. आईचे बोटांचे ठसे उमटत नाहीत. ई-केवायसी कशी करायची?

ई-केवायसीचे तीन मार्ग आहेत. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असेल, तर ओटीपीने संकेतस्थळावर घरबसल्या होते. मोबाइल जोडलेला नसेल, तर सामाईक सुविधा केंद्रात बोटांच्या ठशांनी होते. हे दोन्ही जमत नसेल, तर पीएम किसानच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून होते आणि ही सोय जून २०२३ पासून आहे. एका शेतकऱ्याला आपल्या फोनवरून शेजारपाजारच्या शंभर जणांपर्यंतची ई-केवायसी अशी करून देता येते, त्यामुळे गावातल्या एखाद्या तरुणाने मनावर घेतले तर वस्तीच्या वस्तीचे काम एका संध्याकाळी उरकते.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका आजींच्या दहा बोटांपैकी एकाचाही ठसा यंत्र घेत नव्हते. बोंडांच्या टोकांनी बोटांच्या कडा चिरल्या होत्या आणि कातडी घट्ट झाली होती. तीन हेलपाटे झाल्यावर त्यांना अंगणात पडवीच्या सावलीत बसवले, कपाळावरचा पदर थोडा मागे घेतला, फोन डोळ्यांच्या रेषेत धरला आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगितली. दुसऱ्या प्रयत्नात ई-केवायसी झाली. उन्हाकडे तोंड करून किंवा अंधाऱ्या खोलीत बसवून हा प्रयत्न करू नये. चेहरा सारख्या उजेडात असला की काम लवकर होते.

९. बँकेत म्हणतात आधार लिंक आहे, संकेतस्थळ म्हणते नाही. खरे कोणाचे?

बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते, कारण 'आधार लिंक' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. खाते उघडताना ओळखीचा पुरावा म्हणून आधार क्रमांक खात्याला लावला जातो, ती पहिली गोष्ट. शासनाचे पैसे आधार क्रमांकावरून कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यादीत करणे, ही दुसरी गोष्ट. हप्ता दुसऱ्या नोंदीवरून येतो. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप झाली असे नसते. त्यासाठी थेट लाभ हस्तांतरणाला संमती देणारा अर्ज बँकेत वेगळा द्यावा लागतो. शाखेत गेल्यावर 'आधार लिंक करा' असे न म्हणता 'डीबीटीसाठी आधार सीडिंग करा' असे म्हणावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

या यादीत एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकच बँक राहते आणि शेवटी ज्या बँकेने नोंद केली तिचेच नाव उरते. यातूनच 'पैसे गेले कुठे' हा गोंधळ होतो. आमच्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याचे तीन हप्ते 'जमा' दिसत होते, पण पासबुकात एक पैसाही नव्हता. शोध घेतला तेव्हा दोन वर्षांपूर्वी बाजारात सिमकार्ड घेताना अंगठा घेऊन त्यांच्या नावाने एका पेमेंट्स बँकेचे खाते उघडले गेले होते आणि सगळे पैसे त्या खात्यात सुरक्षित पडले होते. आपल्या नावाने असे खाते आहे, हे त्यांना माहीतच नव्हते. म्हणून आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्थिती' पाहावी. तिथे बँकेचे नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, हे दोन्ही दिसते.

जवळच्या शाखेत काम होत नसेल, तर टपाल कार्यालयातील इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत आधार-संलग्न खाते उघडता येते. हप्त्याच्या पैशांसाठी ते पुरेसे असते आणि गावच्या पोस्टमनकडूनही उघडून मिळते.

१०. लँड सीडिंग 'नाही' दाखवते. सातबारा तर माझ्याच नावावर आहे.

याचा अर्थ योजनेच्या नोंदीत आपल्या जमिनीचा तपशील भरलेला नाही किंवा पडताळलेला नाही. सातबारा, आठ-अ, १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीचा फेरफार, आधार आणि स्थितीची छापील प्रत घेऊन तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. नावातील फरक हेही नेहमीचे कारण आहे: सातबाऱ्यावर 'गंगूबाई' आणि आधारवर 'गंगाबाई', किंवा एकीकडे वडिलांचे आणि दुसरीकडे नवऱ्याचे नाव. योजनेच्या नोंदीतील नाव आधारप्रमाणे करण्याची सोय संकेतस्थळावर आहे, पण सातबाऱ्यावरील नाव महसूल विभागाकडूनच दुरुस्त होते आणि त्याला वेळ लागतो. ते काम हप्त्याची वाट न पाहता मोकळ्या दिवसांत करून घ्यावे.

११. तिन्ही ठिकाणी 'होय' आहे आणि 'आरएफटी साइन्ड' किंवा 'एफटीओ जनरेटेड' असे दिसते. याचा अर्थ काय?

आरएफटी म्हणजे राज्याने केंद्राला केलेली निधी वितरणाची विनंती. तिच्यासमोर 'साइन्ड' असे असले की राज्याने आपले काम पूर्ण केले असे समजावे. एफटीओ म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश. तो तयार झाला आणि पुढे 'देयकाची खात्री प्रलंबित' असे आले, तर पैसे वाटेवर आहेत. 'राज्याच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत' असे असेल, तर अर्ज अजून राज्य स्तरावर आहे. देयक नाकारले गेले असेल, तर त्याचे कारण तिथेच लिहिलेले असते आणि ते बहुधा प्रश्न ९ मधील गोष्टींपैकी एक असते.

१२. चार हप्ते अडकले. त्रुटी दूर केल्यावर मागचे पैसे मिळतात का?

नाव मंजूर यादीत असताना ई-केवायसी, बँक किंवा अशाच कारणाने देयक थांबले असेल, तर कारण दूर झाल्यावर थकलेले हप्ते देय राहतात. केवळ अपात्रतेमुळे थांबलेल्यांना ही तरतूद लागू नाही. मात्र नोंदणीच उशिरा केली असेल, तर ज्या टप्प्यात नाव चढले त्या टप्प्यापासून पुढचे हप्ते मिळतात, आधीच्या वर्षांचे नाहीत. थकलेले हप्ते पुढच्या वितरणाबरोबर एकत्र येऊ शकतात, त्यामुळे पासबुकात ४,००० किंवा ६,००० रुपये दिसले तर घाबरून जाऊ नये.

१३. पीएम किसान आला, पण नमोचा हप्ता नाही. वेगळा अर्ज राहिला का?

नाही. पीएम किसानच्या त्या टप्प्यातील पात्र लाभार्थ्यांच्या यादीवरूनच राज्य आपली यादी करते. केंद्राचा हप्ता मिळाला आणि राज्याचा नाही, तर आधी राज्याचे वितरण झाले आहे का ते पाहावे. झाले असेल, तर नमो योजनेच्या संकेतस्थळावर स्थिती पाहावी. दोन वितरणांच्या मधल्या काळात बँक सीडिंग बदलले असेल, तर एक हप्ता एका बँकेत आणि दुसरा दुसऱ्या बँकेत गेलेला असू शकतो (प्रश्न ९).

१४. वडील २०२२ मध्ये वारले. त्यांचा हप्ता माझ्या नावावर होईल का?

हप्ता 'नावावर करणे' अशी सोय नाही. वडिलांचे नाव बंद करायचे आणि वारसाने नवी नोंदणी करायची, असा मार्ग आहे. खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झाली असली, तरी तिला लाभ मिळू शकतो. मात्र वारसाची स्वतंत्र पात्रता प्रश्न ४ आणि ५ प्रमाणे पाहिली जाते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचा फेरफार आणि वडिलांच्या नावाचा २०१९ पूर्वीचा फेरफार अशी तिन्ही कागदपत्रे जोडावी लागतात. तिसरा कागद नसल्यामुळे कित्येक अर्ज परत येतात.

मृत्यूनंतर वडिलांच्या खात्यात हप्ते येत राहिले असतील, तर ते काढू नयेत. ते परत करावे लागतात. घर दुःखात असताना ही गोष्ट सुचत नाही, हे आम्हाला समजते, पण वारस नोंदीचा अर्ज देतानाच योजनेलाही मृत्यू कळवला तर पुढची वसुली टळते.

१५. वडील हयात आहेत. त्यांनी २०२१ मध्ये वाटणी करून दोन एकर माझ्या नावावर केले. मला लाभ का नाकारला?

कारण ही जमीन मृत्यूमुळे वारसाने आलेली नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खालील वाटणी, बक्षीसपत्र किंवा खरेदी यांपैकी कोणत्याही मार्गाने १ फेब्रुवारी २०१९ नंतर नाव लागले असेल, तर लाभ मिळत नाही. केंद्र सरकारने २०२५ मध्ये अशी प्रकरणे, तसेच नवरा-बायको दोघेही लाभ घेत असल्याची प्रकरणे, संशयित म्हणून बाजूला काढली आणि प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले. अनेकांचे चालू हप्ते अचानक बंद झाले ते यामुळेच. आपला फेरफार जुना असूनही हप्ता थांबला असेल, तर तो फेरफार पडताळणीत दाखवावा, हप्ता पुन्हा सुरू होतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वडिलांनी सर्वच जमीन मुलांना वाटून टाकली, तर त्यांच्या नावावर काही उरत नाही आणि त्यांचाही लाभ जातो. लाभासाठी म्हणून घाईने खातेफोड करणाऱ्या घरात यामुळे मिळत असलेले पैसेही बंद झाल्याचे आम्ही पाहिले आहे. वाटणी ही घरातल्या गरजेसाठी करावी, हप्त्यासाठी करू नये.

१६. मोठा मुलगा जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे आणि धाकटा पुण्यात नोकरीला असून आयकर भरतो. माझा हप्ता बंद होईल का?

नाही. दोन्ही मुले सज्ञान आहेत, त्यामुळे ती आपल्या 'कुटुंबा'त मोडत नाहीत (प्रश्न ४) आणि त्यांच्या नोकरीचा किंवा आयकराचा आपल्या पात्रतेशी संबंध नाही. मात्र नवरा शिक्षक असेल आणि जमीन बायकोच्या नावावर असेल, तर ते एकच कुटुंब असल्यामुळे बायकोला लाभ मिळत नाही.

१७. कर्जासाठी आयकर विवरणपत्र भरले, पण कर शून्य होता. तरी मी अपात्र का दाखवतो?

अट कर भरल्याची आहे, केवळ विवरणपत्र दाखल केल्याची नाही. कर शून्य असेल तर तेवढ्यावरून अपात्रता येऊ नये. पण माहिती आधार आणि पॅनवरून यंत्रणेने जुळवलेली असल्यामुळे चुकीचा शेरा पडू शकतो. संबंधित वर्षाचे विवरणपत्र, करनिर्धारणाची सूचना आणि लेखी अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

१८. लग्न झालेल्या बहिणीचे नाव आमच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे. तिला मिळेल का? आमचे कमी होईल का?

सामाईक खात्यातील प्रत्येक सहधारकाचे कुटुंब स्वतंत्रपणे तपासले जाते, त्यामुळे आपले काहीही कमी होत नाही. बहिणीचे कुटुंब म्हणजे तिचा नवरा आणि सज्ञान न झालेली मुले. नवरा आधीच लाभ घेत असेल, तर तिला वेगळा लाभ नाही. घेत नसेल आणि कुटुंब पात्र असेल, तर तिला तिच्या हिश्शाच्या आधारे नोंदणी करता येते. या योजनेसाठी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची काहीही गरज नाही, आणि हे कारण पुढे करून कोणी तिची सही मागत असेल तर तिने ती देऊ नये.

१९. मी दुसऱ्याचे शेत बटईने करतो. मला का नाही?

योजनेचा आधार जमिनीची मालकी हा आहे, कसणे हा नाही, त्यामुळे बटईदाराला किंवा खंडाने शेत करणाऱ्याला लाभ मिळत नाही. या योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण पेरणीचा खर्च आणि पावसाची जोखीम ज्याच्या डोक्यावर असते तोच बाहेर राहतो. पण आज नियम हाच आहे.

२०. मला लाडकी बहीण योजनेचे फक्त ५०० रुपये येतात. चूक झाली आहे का?

आपल्या स्वतःच्या नावाने पीएम किसान आणि नमोचा लाभ चालू असेल, तर ही चूक नाही. या दोन्हींचे वर्षाचे १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये धरले जातात आणि लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांतील उरलेला ५०० रुपयांचा फरक दिला जातो.

२१. बँकेने हप्ता पीककर्जात वळता करून घेतला. काय करावे?

शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात हप्त्याची तारीख, रक्कम आणि ती सन्मान निधीची असल्याचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तोंडी तक्रारीचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

२२. वसुलीची नोटीस आली आहे. पैसे परत केले नाहीत तर?

नोटिशीत दिलेले कारण आधी तपासावे. ते चुकीचे वाटत असेल, तर दिलेल्या मुदतीत पुराव्यासह लेखी खुलासा द्यावा. गप्प राहिल्यास कारण मान्य असल्याचे धरले जाते. आपण खरोखरच अपात्र असाल, तर संकेतस्थळावरील परताव्याच्या सोयीने रक्कम भरावी आणि पावती जपून ठेवावी. नोटीस येण्याआधीच अपात्रता लक्षात आली, तर लाभ स्वेच्छेने सोडण्याचीही सोय आहे. त्यानंतर पुन्हा नोंदणी करता येत नाही, म्हणून प्रश्न ४ आणि ५ नीट वाचून मगच तो निर्णय घ्यावा.

२३. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी, दोन्ही हप्त्यासाठी लागतात का?

ओळख क्रमांक काढून घ्यावाच. हा अकरा अंकी क्रमांक ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदींच्या प्रकल्पातून मिळतो, त्यात आपले सर्व गट आधारशी जोडले जातात आणि राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला आहे. काढताना एखादा गट सुटला नाही ना, हे तिथेच पाहावे. ई-पीक पाहणीचा, म्हणजे शेतातल्या पिकाच्या मोबाइलवरून होणाऱ्या नोंदीचा, या हप्त्याशी संबंध नाही. ती पीक विमा, हमीभावाने खरेदी आणि नुकसानभरपाई यांसाठी लागते.

२४. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली आहे. उघडावी का?

मुळीच उघडू नये. अशा एपीके फाइलमधून, म्हणजे फोनवर थेट ॲप बसवणाऱ्या फाइलमधून, फोनचा ताबा घेऊन खाते रिकामे केले जाते. ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यावे आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. फाइल उघडली गेली असेल, तर फोनचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे, बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हप्ता चालू करून देण्यासाठी कोणतेही शासकीय कार्यालय पैसे मागत नाही.

२५. सगळे करून झाले, तरी काम होत नाही. दाद कुठे मागायची?

आधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा. त्यानंतर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाकडे, मागील अर्जाची प्रत जोडून. पीएम किसानची मदतवाहिनी १५५२६१ आहे, संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि 'किसान ई-मित्र' हा संवादी मदतनीस मराठीतही उत्तर देतो. अर्जात नोंदणी क्रमांक, अडकलेल्या हप्त्यांचे क्रमांक आणि प्रश्न ७ मधील तीन ओळींची स्थिती अवश्य लिहावी. आम्हाला प्रश्न पाठवतानाही हाच तपशील द्यावा, मात्र आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी आम्हालाही पाठवू नये.